न विसळलेली बाटली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचा भार आजवर वाहणारे माननीय भिकाजीराव पावसकर, व्यासपीठावर विराजमान असलेले आदरणीय प्राचार्य, जयगड खाडीकाठच्या कोळंबीवाल्यांच्या वतीने वेळात वेळ काढून आलेले श्री. काशीराम शिवलकर, ज्याच्यासाठी आपण सगळे जमलो तो पदार्थविज्ञान विभागातला आपला उमेर होडेकर, पहिल्या रांगेत जरा अवघडून बसलेले त्याचे आईवडील अयूबभाई आणि मासूमाबाई, माझे सहकारी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागच्या दाराशी उभ्या राहिलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

माझी विद्यार्थिनी मृणाली हिने आत्ता माझी ओळख करून देताना 'प्राणिशास्त्र विभागाच्या ज्येष्ठ, अनुभवी आणि उत्साही प्रमुख' असं म्हटलं. ज्येष्ठ हे खरं आहे. अनुभवी हेही नाइलाजाने खरं आहे. उत्साही मात्र तिने पदरचं घातलं. मी दमले आहे. हे तक्रार म्हणून सांगत नाही. या सभागृहात याच माइकसमोर मी इतक्या जणांना निरोप दिला आहे, की निरोपाची सगळी विशेषणं वापरून झाली. कोणी मुंबईला गेलं, कोणी पुण्याला, कोणी दुबईला. कष्टाळू म्हणून झालं, मनमिळाऊ म्हणून झालं. आता नवीन माणूस निघाला की मला प्रश्न पडतो, याला काय देऊ?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या सिस्टर सांगत, भाषणात तीन मुद्दे असावेत, शेवटी बोध असावा आणि ऐकणाऱ्याला घड्याळाकडे बघावं लागू नये. तीन मुद्दे माझ्याकडे नाहीत. एक गोष्ट आहे. ती उमेरची आहे, त्याच्या यंत्राची आहे, आणि खरं म्हणजे ती अयूबभाई घरी राहणार की परत कुवेतला जाणार, याची आहे. बोध निघाला तर तुम्हीच काढून घ्या.

अयूबभाईंना तुमच्यापैकी बरेच जण ओळखतात. तरुणपणी ते कुवेतला गेले, तिथल्या एका गोदामात कामाला लागले. दोन वर्षांनी सुट्टी मिळायची, मग पुन्हा जायचं. उमेर चालायला लागला ते त्यांनी पाहिलं नाही, तो शाळेत गेला ते पाहिलं नाही, दहावीला पहिला आला ते फोनवर ऐकलं. मासूमाबाईंनी एकदा मला सांगितलं, "बाई, आमचं लग्न होऊन तीस वर्षं झाली असं लोक बोलतात. सुट्ट्या मोजल्या तर आम्ही अजून नवीनच हाय." हे त्या हसत बोलल्या होत्या. मी हसले नव्हते.

शेवटी अयूबभाई कायमचे म्हणून परतले. खाडीच्या कडेला त्यांची वडिलोपार्जित खार जमीन होती, म्हणजे भरतीला खारं पाणी शिरणारी. तिथे त्यांनी बांध घातला, कोळंबीची दोन तळी केली आणि पहिल्याच वर्षी रोग आला. इथल्या कोळंबीवाल्यांना तो रोग समजावून सांगायला नको. अंगावर पांढरे ठिपके येतात, कोळंबी खाणं सोडते, काठाला येऊन बसते आणि आठवड्याभरात तळं साफ होतं. त्या वर्षी अयूबभाईंचीही दोन्ही तळी साफ झाली.

त्या पावसाळ्यात उमेर माझ्या विभागात आला. तो तेव्हा नुकताच इथे शिकवायला लागला होता. माझा विद्यार्थी तो कधीच नव्हता, पण माझ्या विभागातल्या चांगल्या सूक्ष्मदर्शकावर त्याचा पहिल्यापासून डोळा होता. मला वाटलं, तेच मागायला आलाय. तो म्हणाला, "बाई, हा जो ठिपक्यांचा विषाणू आहे, तो केवढा असतो?"

मी सांगितलं, केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील एवढा. आपल्या सूक्ष्मदर्शकातून दिसायचा नाही.

"आकार नाही दिसणार," तो म्हणाला. "पण चमक दिसेल ना?"

मग त्याने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. पदार्थविज्ञानवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

आमच्या कॉन्व्हेंटचं प्रार्थनाघर कौलारू होतं. एक कौल सरकलेलं होतं आणि तिथून सकाळी कवडसा पडायचा. त्या कवडशात धूळ नाचायची. एरवी ती धूळ कुणाला दिसत नसे. ती तिथे असतेच, आपण श्वासाबरोबर ती आत घेतो, पण दिसत नाही. कवडसा आला की एकेक कण उजळतो. मी डोळे मिटायच्या वेळी ते बघत बसायचे आणि सिस्टर माझ्या खांद्यावर बोट टेकवायच्या. उमेरचं म्हणणं एवढंच होतं, की धुळीच्या जागी विषाणू घ्या, उन्हाच्या जागी लेसरचा प्रकाश घ्या, आणि प्रार्थनाघराच्या जागी केसाहून बारीक अशी पाण्याची वाट घ्या. पारदर्शक रबरात अशी वाट कोरायची, तिच्यातून कोळंबीचा रस हळूहळू जाऊ द्यायचा आणि बाजूने प्रकाश सोडायचा. जो कण जाईल तो चमकेल, आणि ती चमक सूक्ष्मदर्शकातून पडद्यावर दिसेल.

एरवी मोठ्या प्रयोगशाळांत असा विषाणू ओळखायचा तर त्याला आधी रंग चिकटवतात, किंवा त्याच्या आतला धागा काढून त्याच्या असंख्य प्रती करतात. त्याला यंत्रं लागतात, थंड खोल्या लागतात आणि वेळ लागतो. आपल्याकडून नमुना बर्फात घालून मुंबईला पाठवायचा आणि उत्तर येईपर्यंत तळ्यावर रोज जाऊन नुसतं बघत राहायचं. उमेरला काही चिकटवायचं नव्हतं. जे आहे ते जसं आहे तसं बघायचं होतं.

आता कोणीही विचारेल, कण चमकला खरा, पण तो विषाणूच कशावरून? यासाठी त्याने त्या वाटेच्या तळाशी एक लेप दिला. तो लेप असा, की त्याला हाच विषाणू चिकटावा आणि बाकीचं सगळं वाहून जावं. मुंबईच्या एका संस्थेतल्या भल्या माणसांनी तो लेप दिला. त्यांचे आभार कार्यवाह मानतीलच. म्हणजे चमकणारे कण तळाला बसून राहिले तर रोग आहे, पुढे गेले तर नाही.

ऐकायला किती सोपं वाटतं, नाही का? त्या रबरात वाट कोरायला आम्हाला दीड वर्ष लागलं. कधी वाट फुटायची, कधी बुडबुडा अडकायचा. बंदराकडे जाणारा ट्रक रस्त्यावरून गेला की पडद्यावरचे सगळे कण एकदम दचकायचे. मग उमेरने टेबलाच्या पायांखाली सायकलच्या ट्यूब फुगवून ठेवल्या. प्राचार्य तपासणीला आले, त्यांनी विचारलं, हे टेबल पंक्चर काढायला आणलंय का? सर, तुम्ही तेव्हा हसलात आणि पुढे गेलात. तुमचे ते उपकार आम्ही विसरलेलो नाही.

हे सगळं चालू असताना अयूबभाईंनी पुन्हा बीज सोडलं होतं. आणि घरी ठरलेलं होतं, की याही वर्षी गेलं तर ते परत जाणार. एजंटाने बोलावलं होतं, पासपोर्ट त्याच्याकडे देऊन झाला होता. म्हणून उमेर घाई करत होता. त्याने हे मला कधी सांगितलं नाही. मासूमाबाईंनी सांगितलं. मुलगे अशा गोष्टी सांगत नाहीत, यंत्राच्या खाली ट्यूब फुगवत बसतात.

यंत्र बरं चालायला लागलं, पण पहिला नमुना कुठून येणार? घरचाच. उमेरने कॉलेजातून स्वच्छ केलेली, बूच लावलेली बाटली घरी नेऊन ठेवली. अयूबभाईंनी छोट्या तळ्यातल्या काही कोळंब्यांचे पाय त्यात घातले आणि उमेरने ती बर्फात ठेवून परत आणली. आम्ही ते पाय वाटून, गाळून त्या वाटेतून सोडले. आणि पहिल्याच नमुन्यात कण तळाला बसले. थोडेथोडके नाहीत, चांदण्यासारखे.

उमेरने तीनदा बघितलं. मग बंद केलं. मी म्हटलं, "उद्या पुन्हा बघू." तो म्हणाला, "उद्यापर्यंत पसरेल, बाई."

त्या संध्याकाळी घरी काय झालं ते मला अयूबभाईंनीच नंतर सांगितलं. उमेरने सांगितलं, "अब्बा, रोग आहे." अयूबभाई म्हणाले, "खातायत तर चांगली. ठिपका एक नाय." उमेर म्हणाला, "ठिपका दिसेपर्यंत थांबलो तर मागच्यासारखं होईल." अयूबभाई विजेरी घेऊन बांधावर जाऊन आले. मग म्हणाले, "मोठ्या तळ्याचं थांबू. छोटं उद्या उपसतो."

मी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला स्वतःला खात्री नव्हती, मग उपसलंत कशाला? ते म्हणाले, "बाई, पोरानं एवढं केलं आणि बापानंच ऐकलं नाय, तर गाव काय बोलेल?"

तर दुसऱ्या दिवशी त्यांनी बांधाची उघाडी वर घेतली, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं दार, आणि छोट्या तळ्याचं पाणी सोडलं. जाळ्यात कोळंबी आली ती बोटाएवढी. व्यापाऱ्याने नाक मुरडलं. शेजारच्या तळ्याचे मालक बांधावर बघायला आले होते. तुम्ही हसताय, काशीरामभाऊ, म्हणजे तुम्हाला आठवतंय. तुम्ही तिथून ओरडला होतात, "काय ओ अयूबभाई, बारसं व्हायच्या आत वरात काढली कोळंबीची. पोराला विचारा, यंत्रात लग्नाचा मुहूर्त पण दिसतो काय?"

आणि तो आठवडा संपताना मुंबईहून उत्तर आलं. त्याच कोळंबीचा नमुना आम्ही तिकडेही पाठवला होता. उत्तर होतं, रोग नाही.

मला त्या दिवसाचं फार सांगता येणार नाही. उमेर वर्गावर गेला, त्याने तास घेतला, फळा पुसला. मग प्रयोगशाळेत येऊन त्याने लेसरची वायर काढून गुंडाळली. बघून मला माझ्या वडिलांची आठवण झाली. आमच्या घरचा रेडिओ बिघडला तेव्हा त्यांनी तो असाच कापडात बांधून फळीवर ठेवला होता, पुन्हा कधी न लावण्यासाठी. बापाचं अर्धं पीक मुलाच्या शब्दाने गेलं होतं आणि बाप मुलाला एका शब्दाने विचारत नव्हता. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या रविवारी मी जयगडची एसटी पकडून त्यांच्या घरी गेले. कारण सांगायला होतं. मोठ्या तळ्याचा नमुना घ्यायचा होता. खरं कारण, माझ्याने घरी बसवेना. मासूमाबाईंनी चहा केला आणि त्याच कोवळ्या कोळंबीचं कालवण वाढलं. "खा बाई, आठवडाभर हेच चाललंय. आता शेजारीपण घेत नायत." अयूबभाई बांधावर गेले होते. उमेर ओट्यावर पेपर वाचत होता, म्हणजे पेपर हातात धरून बसला होता.

मी कॉलेजातून आणलेली बाटली मासूमाबाईंच्या हातात दिली. म्हटलं, अयूबभाई आले की यात पाय घालायला सांगा. त्या बाटली घेऊन मागच्या दारी गेल्या. मीही सहज मागे गेले. बघते तर त्यांनी बूच काढलं, विहिरीचं पाणी कळशीतून बाटलीत ओतलं, छान खळखळून विसळली, ओतली, पुन्हा विसळली आणि उपडी घातली.

मी विचारलं, "हे काय करताय?"

"विसळते, बाई."

"ती स्वच्छच आहे."

"ती तुमची स्वच्छ. कुणाकुणाचे हात लागले असतील, एसटीतून आली. आणि कॉलेजात परत जायची, ती तशीच कशी भरायची? लोक काय बोलतील, होडेकरांच्या घरात पाणी नाय?"

"पहिलीपण अशीच विसळली होतीत?"

"तर काय तशीच देईन?"

उमेर दारात येऊन उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने विहिरीकडे बघितलं. जांभ्याच्या लाल दगडात खोदलेली विहीर. आपल्याकडच्या सगळ्या विहिरी तशाच. पाणी गोड, काचेसारखं, पण वर्षभर हंड्यात भरलं की हंड्याच्या तळाला तांबूस मऊ गाळ बसतो. तो गाळ आपण गाळ म्हणून ओळखतो तेव्हा तो जाड झालेला असतो. त्याआधी तो पाण्यात तरंगत असतो, न दिसणारा.

उमेर म्हणाला, "अम्मी, तू बाटली धुतलीस?"

"मग? सांगितलं होतंस नको म्हणून?"

"धुऊनच आणली होती."

"मेल्या, मला काय माहीत तुझ्या कॉलेजात भांडी कोण घासतं?"

तो हसायला लागला. हसता हसता तिथेच पायरीवर बसला आणि त्याचे डोळे भरले. मासूमाबाई घाबरल्या. मला विचारू लागल्या, माझ्याने काय झालं? मी म्हटलं, काही नाही, तुमच्या स्वच्छतेने आम्ही फसलो.

दुसऱ्या दिवशी नुसतं विहिरीचं पाणी आम्ही त्या वाटेतून सोडलं. कोळंबी नाही, काही नाही. पडद्यावर तेच चांदणं. जांभ्याची ती बारीक लाल धूळ विषाणूएवढीच होती, तशीच चमकत होती आणि लेपालाही तशीच चिकटत होती. यंत्र खोटं बोललं नव्हतं. तिथे काहीतरी होतं, ते त्याने दाखवलं. त्याला नाव आपण दिलं होतं.

त्यावर उमेरने काय केलं, ते सगळ्यांत साधं होतं आणि मला सगळ्यांत आवडतं. त्याने त्या रबरात पहिल्या वाटेशेजारी दुसरी वाट कोरली. तशीच, तेवढीच, पण तिच्यात लेप नाही. काहीच नाही. नमुना दोन्हींतून एकदम सोडायचा. कण दोन्हीकडे चिकटले तर ती धूळ. फक्त लेपाच्या वाटेत चिकटले आणि रिकाम्या वाटेत नाहीत, तर तो रोग. मी इतकी वर्षं मुलांना प्रयोग शिकवते आहे, तुलनेसाठी एक नमुना कोरा ठेवावा हे फळ्यावर लिहिते आहे. ते लिहिणं वेगळं, आणि बापाचं तळं गेल्यावर कोरणं वेगळं.

पंख्याचा आवाज येतोय, मागे ऐकू येतंय ना? बरं.

मग पुढचे काही आठवडे शांत गेले. मोठं तळं चांगलं वाढत होतं. एजंटाचे फोन येत होते, अयूबभाई त्याला 'एवढं तळं होऊ दे' म्हणत होते. सगळं त्या एका तळ्यावर आलं होतं.

एका दुपारी अयूबभाई स्वतः कॉलेजात आले. त्याआधी ते कधी आले नव्हते, मुलाच्या प्रवेशालाही नाही, तेव्हा ते तिकडे होते. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात बर्फ, बर्फात बाटली. बाहेरून चिखल लागलेली. मला म्हणाले, "बाई, हिला घरात नेलीच नाय. बांधावरच बूच काढलं, बांधावरच लावलं. हिच्या आईला दाखवलीपण नाय."

उमेरने नमुना तयार केला आणि दोन्ही वाटांतून सोडला. अयूबभाई स्टुलावर बसले होते, पडद्याकडे बघत. मीही बघत होते. लेपाच्या वाटेत एक कण येऊन बसला. मग आणखी. मग बसतच गेले. रिकाम्या वाटेत कण येत होते आणि जात होते, थांबत कोणी नव्हता.

उमेरने बटण फिरवून प्रकाश कमी केला, पुन्हा वाढवला.

अयूबभाईंनी विचारलं, "काय सांगतंय?"

"अब्बा, मुंबईला पाठवू. तिकडचं येऊ दे."

"किती दिवस?"

"आठवडा तरी."

"तुझ्या दोन वाटा काय सांगतात, ते सांग."

"एकीत आहे. एकीत नाही."

"म्हणजे काय?"

उमेर पडद्याकडेच बघत होता. "मागच्या वेळीपण मला खात्री होती, अब्बा."

"मागच्या वेळी माझ्या विहिरीनं घोळ केला. आज विहीर नाय. म्हणजे काय, ते बोल."

"म्हणजे आहे."

अयूबभाई उठले. लुंगीचा सोगा झटकला. म्हणाले, "मग बर्फवाल्याला फोन लाव."

मला विचाराल, तर या कॉलेजात मी पाहिलेली सगळ्यांत धीराची गोष्ट हीच. उमेरने सांगितलं, याला धीर लागला. एकदा चुकलेला माणूस दुसऱ्यांदा तेच वाक्य बोलतो, तेव्हा त्याची जीभ किती जड होते, हे माझ्यासमोर घडलं. आणि ऐकलं, यालाही धीर लागला. कोळंबी तेव्हाही खात होती. ठिपका तेव्हाही नव्हता. सगळा खाडीकाठ म्हणणार होता, होडेकरांना उपसायची खोडच लागलीय.

म्हणाला की नाही, काशीरामभाऊ? मान हलवू नका, माइकमध्ये येऊन सांगा. नको? बरं.

रात्रीच्या ओहोटीला तळं उपसलं. कोळंबी या वेळी मोठी होती, पुरी वाढलेली नाही, पण व्यापाऱ्याने नाक मुरडावं अशी नव्हती. चार दिवसांनी शेजारच्या तळ्यांत कोळंबी काठाला येऊन बसायला लागली. मुंबईचं उत्तर त्यानंतर आलं, आणि आलं तेव्हा ते कोणी उघडून वाचायचीही गरज उरली नव्हती. त्या खाडीत त्या हंगामात वेळेवर उपसलेलं तळं एकच होतं. काशीरामभाऊंचं गेलं. याचा मला आनंद नाही, त्यांनाही ठाऊक आहे. पण पुढच्या वर्षी यंत्राकडे पहिली बाटली आणली ती त्यांनीच, आणि प्रयोगशाळेत येऊन म्हणाले, "बाई, धुतली नाय हां. वास येईल, पण धुतली नाय." आज खाडीकाठची बहुतेक तळी आमच्याकडे बाटली पाठवतात. सगळ्या बाटल्या घाणेरड्या असतात. मला त्या फार आवडतात.

अयूबभाई एजंटाकडे गेले आणि पासपोर्ट परत घेऊन आले. मासूमाबाईंनी तो कपाटात ठेवला. मला म्हणाल्या, "बाई, आता सुट्टी संपत नाय, याचीच सवय करायला लागते. माणूस रोज घरात. जेवायला काय करू विचारलं तर रोज उत्तर देतो."

हे झालं. आणि आता आपण इथे उमेरला निरोप द्यायला जमलो आहोत. तो हॉलंडला जातोय. तिथल्या विद्यापीठात याच विषयावर, अशाच बारीक वाटा आणि प्रकाश घेऊन, तो पीएच.डी. करणार आहे. त्यांच्या वाटा म्हणे आपल्यापेक्षा कितीतरी पटीने बारीक आहेत, आणि टेबलाखाली ट्यूब लागत नाहीत. अयूबभाईंनी मला विचारलं, तो देश कसा आहे? मी म्हटलं, समुद्राच्या पातळीच्या खाली आहे, बांध घालून राखलेला, जागोजागी पाणी सोडायची दारं. ते म्हणाले, "मग खारच म्हणा ना आमची. पोरगा घरच्यासारखाच राहील."

यंत्र इथेच राहणार आहे. मृणाली ते चालवायला शिकली आहे, माझ्यापेक्षा चांगलं चालवते. माझे डोळे आता पडद्यावरच्या कणांत आणि डोळ्यांतल्या कणांत फरक करत नाहीत. मृणालीसुद्धा एक दिवस जाईल. असं तोंड लपवू नकोस गं, जाशील. जावंच. हे कॉलेज मुलांना धरून ठेवायला बांधलेलं नाही. मी एवढंच म्हणते, की दर वेळी नव्याने शिकवायचं म्हणजे माणूस दमतो. आणि या मुलाच्या जाण्याने मी इतरांपेक्षा जरा जास्त दमणार आहे. त्याला हे मी खासगीत सांगू शकले नाही. कॉन्व्हेंटात आम्हाला धन्यवाद आणि माफ करा हे दोन शब्द पक्के शिकवले. तू जाऊ नकोस असं वाटत असताना 'जा' कसं म्हणायचं, ते कोणी शिकवलं नाही. तरी म्हणते. जा, उमेर. इथली काळजी करू नकोस, आणि आपले सर त्या टेबलाकडे बघून जसे हसून पुढे गेले, तसं हसून पुढे जाणारा कोणी तुला तिथेही मिळो.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी अयूबभाई मला बाहेर व्हरांड्यात भेटले. इस्त्रीचा शर्ट, अत्तर, आणि चेहरा मात्र बाटली घेऊन आले होते त्या दिवसासारखा. म्हणाले, "बाई, एक विचारू? उद्या सकाळी याची गाडी आहे. आजवर मी चाललो की सगळं घर पोचवायला यायचं, आधी एसटी स्टँडवर, पुढे रेल्वे आल्यावर स्टेशनात. मी आपला आत बसलेला. मी कधी कुणाला पोचवलं नाय. पोचवायला आलेल्या माणसानं नेमकं काय करायचं असतं?"

मी आयुष्यभर हेच करत आले आहे. मग म्हटलं, "काही करायचं नसतं, अयूबभाई. पाण्याची बाटली खिडकीतून द्यायची. पोचल्यावर फोन कर म्हणायचं. आणि गाडी सुटली तरी लगेच वळायचं नाही. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत उभं राहायचं."

ते म्हणाले, "एवढंच?"

मी म्हटलं, "एवढंच. पण त्याला घरी राहिलेला माणूस लागतो."

संस्थेने मला बोलायची संधी दिली, अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहूनही मला थांबवलं नाही, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. काशीरामभाऊंची थट्टा केली, प्राचार्यांची मागची गोष्ट चारचौघांत काढली, मासूमाबाईंच्या घरातलं बोलणं व्यासपीठावर आणलं. यात कुणाचं मन दुखावलं असेल, काही अधिकउणं झालं असेल, तर एका दमलेल्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घालावं. बाहेर चहा आहे. मागच्या दाराशी उभ्या राहिलेल्यांनी निदान त्यासाठी तरी बसावं.

अयूबभाई, मासूमाबाई, सकाळी मीही येते स्टेशनात. थोडी आधीच येईन. उभं राहायला चांगली जागा कुठली, ते मला माहीत आहे.